पलीकडची गच्ची

१ फेब्रुवारी

परवा सकाळी मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पाहुण्यांसाठी आणलेली नवी दुर्बीण बुधवारी पाण्याच्या जुन्या टाकीवर बसवली. बसवणारे संध्याकाळी निघून गेले. उद्घाटन होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही असं नगराध्यक्षांनी बजावलं आणि किल्ली माझ्याच हातात दिली. गुरुवारी सकाळी मी नेहमीसारखा टाकीवर गेलो. शिडीच्या पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावायची माझी जुनी सवय आहे. वर पोचल्यावर देवाचं नाव घेतलं, उगवतीकडे तोंड करून जरा उभा राहिलो. मग दुर्बिणीवरचं कापड काढलं आणि तिचं तोंड नदीपलीकडे, निळ्या दाराच्या घराच्या गच्चीकडे वळवलं.

आधी मला आई दिसली. आई जाऊन किती वर्षं झाली, म्हणून डोळा काढून पुन्हा लावला. मग कळलं की ही ताई आहे. वेताच्या खुर्चीत बसून ती शेंगा सोलत होती. पूल बंद झाला तेव्हा मी पंचविशीत होतो. तेव्हापासून टाकीवरून तिला बघतोय, पण बघतोय म्हणजे एक ठिपका बघतोय. ठिपका म्हातारा होत नाही. ताईचे केस पांढरे झालेत, मान थोडी हलते, आणि शेंग सोलून झाली की टरफल टाकायच्या आधी ती ते उगाच एकदा बघते. आईही असंच करायची.

मी हात हलवला. दुर्बीण माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही, हे डोक्यात आलंच नाही. "ताई" अशी हाकसुद्धा मारली. मग खाली पंपाजवळ कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून वाकून पाहिलं.

घरी हिला अजून सांगितलेलं नाही. ही म्हणेल, किल्ली दिली म्हणजे चोरी करायला दिली का?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चादरीचा दिवस. पूल बंद व्हायच्या आदल्या दिवशी ताई शेवटची इकडे आली होती. जाताना पुलावर म्हणाली, "धाकट्या, दर सोमवारी टाकीच्या कठड्यावर पांढरी चादर घालत जा. मी गच्चीवर घालीन. चादर दिसली की माणूस धड आहे असं समजायचं." त्या वेळी मी टाकीवर नवा लागलो होतो, व्हॉल्व्ह फिरवायचं काम. तेव्हापासून माझा सोमवार चुकला नाही. तापात होतो तेव्हा हिने जाऊन घातली, आणि शिडी उतरताना पाय लटपटले म्हणून मला आठवडाभर बोलत राहिली.

आज प्रथमच ताईला चादर घालताना नीट पाहिलं. ती डावखुरी आहे हे मी विसरूनच गेलो होतो. तिच्या गच्चीवरची दोरी जिन्यापासून कठड्यापर्यंत आहे. कुणीही ओले कपडे घेऊन आला की जिन्याकडून सुरुवात करेल. ताई आधी पार कठड्यापर्यंत चालत जाते आणि तिथून उलटी मागे मागे येते. लहानपणी आई तिला म्हणायची, तुझं सगळं शेवटापासून सुरू होतं.

चादर घालून झाल्यावर तिने कपाळावर हात धरून इकडे पाहिलं. माझी चादर दिसली असावी. खुर्चीत बसली.

६ फेब्रुवारी

मास्तर रोज संध्याकाळी माझी उजळणी घेतात. आमच्या खेड्यातल्या शाळेत त्यांनीच मला सातवीपर्यंत शिकवलं. आता निवृत्त होऊन इथे मुलाकडे राहतात. नगरपालिकेने 'गावाचा इतिहास व प्रेक्षणीय स्थळे' असं एक भाषण त्यांच्याकडून लिहून घेतलंय. ते मी पाठ करायचं आणि येणाऱ्या लोकांना टाकीवरून म्हणून दाखवायचं. नवी टाकी झाल्यापासून आमची जुनी टाकी कोरडी आहे, मीही तसा कोरडाच होतो. काम मिळालं हे देवाचं देणं.

भाषण चांगलं आहे. नदीचा उतार, तिथून जाणारे मिठाचे तांडे, मग मिठाचं गोदाम, मग दगडी पूल. जकातीची चौकी, जिच्या दाराला आता भिंतच नाही, नुसती चौकट उभी आहे. दोन तोंडांचं घड्याळ, एक तोंड इकडे, एक पलीकडे. बाजार एका काठाला भरायचा आणि गुरांचा तळ दुसऱ्या काठाला, म्हणजे गाव एकच होतं आणि नदी त्यातून रस्त्यासारखी जायची. हे शेवटचं वाक्य मास्तरांनी आधी लिहिलं होतं. नगराध्यक्षांनी खोडलं. त्याऐवजी आता 'येथून पलीकडील लोकांचे दैनंदिन जीवन प्रत्यक्ष पाहता येते' असं आहे. मास्तर म्हणाले, "म्हण तू. पोटापाण्याचं आहे."

पलीकडे या शब्दावरून आज हसणं झालं. आमच्या गावात पलीकडे म्हणजे नदीचा तो काठ. पलीकडची सोयरीक, पलीकडचा गूळ, पलीकडचं वारं. मेलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी 'पलीकडे गेला' म्हणत नाही, घोटाळा होतो. सरळ वारला म्हणतात. हिचं माहेर पार आतल्या भागातलं, तिकडे नदी औषधालाही नाही. ही नवी नवरी म्हणून आली तेव्हा आईने तिला सांगितलं, थोरली लेक पलीकडे असते. हिने डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, कशाने गेल्या? मास्तरांना ही गोष्ट सांगितली तर ते खोकला लागेपर्यंत हसले. ही आतून म्हणाली, "हसा. दर पाहुण्याला सांगा. भाषणातच घाला."

९ फेब्रुवारी

उद्घाटन पार पडलं. मी दोनदा अडखळलो, पण टाळ्या झाल्या. एका बाईंनी भाषण थांबवून विचारलं की संडास कुठे आहे. तेही मास्तरांनी लिहायला हवं होतं.

लोकांना घड्याळ नको, गोदाम नको. सगळे दुर्बिणीशी रांग लावून पलीकडची घरं बघतात. "अरे, दाढी करतोय बघ." "पोरीला मारलं बघ आईने." एकाने ताईची गच्ची धरली आणि म्हणाला, "ही म्हातारी कुणाची वाट बघतेय?" मी पुढच्याला बोलावलं.

लोक गेल्यावर नगराध्यक्ष कठडा बघत होते. सोमवारी तुम्ही इथे चादर वाळत घालता का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, कारणही सांगितलं. माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता हे गावाचं तोंड आहे. तोंडावर कुणी धुणं वाळत घालतं का? फोटो काढतात लोक." त्यांचीही मावशी पलीकडे असते.

मी बरं म्हटलं.

१० फेब्रुवारी

चादर घातली नाही.

ताईने घातली. कपाळावर हात धरून पाहिलं. खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली. तेवढ्यात शाळेची सहल आली.

१७ फेब्रुवारी

आज ताईने दोन चादरी घातल्या, शेजारी शेजारी. दुसरी कशासाठी ते कळलं नाही. कदाचित पाहुणे आले असतील. घालून झाल्यावर कठड्याला धरून उभी राहिली. मी तिचं तोंड बघत होतो. ती बरोबर माझ्या डोळ्यात बघत होती आणि तिला मी दिसत नव्हतो. हे असं बघणं बरं आहे का? दार वाजवल्याशिवाय आत शिरल्यासारखं वाटतं. पण मग बघायचं सोडवतही नाही.

दुपारी नगरपालिकेत गेलो. फक्त सकाळी, लोक यायच्या आधी घालतो, म्हणून विनंती केली. नगराध्यक्ष म्हणाले, आज तुम्हाला हो म्हटलं तर उद्या पंपवाला लंगोट वाळत घालेल. सगळे हसले, मीही हसलो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "हसलात कशाला?"

२१ फेब्रुवारी

मुका आला होता. मुका म्हणजे मालाच्या ट्रकचा ड्रायव्हर. तोंड कधी मिटत नाही म्हणून त्याला मुका म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचा ट्रक पुलाच्या मधल्या पांढऱ्या रेघेपर्यंत जातो. रेघेपलीकडे त्यांचा ट्रक असतो, आणि हमाल पोती इकडची तिकडे करतात. माणसं रेघ ओलांडत नाहीत, निरोप ओलांडतात.

ताईचा निरोप होता. धाकटा बरा आहे का, चादर दिसत नाही. आणि सरकार म्हाताऱ्या नातेवाइकांना पलीकडे जायचे पास देणार आहे म्हणे, तर तिने अर्ज केलाय.

अर्ज केलाय! इतक्या वर्षांत ज्या गोष्टीचं नाव काढलं नाही ती आता तिच्या मनात कशी आली, देव जाणे. मी मुक्याला म्हटलं, मी ठणठणीत आहे, चादर घालू देत नाहीत एवढंच, हे तिला आजच सांग. तो म्हणाला, आता मंगळवारीच, आणि ताईंच्या गल्लीतला जो हमाल निरोप आणतो तो रोज येतो असं नाही. बघतो. मग कांद्याच्या भावावर, क्लचप्लेटवर आणि त्याच्या साडूवर बोलत बसला.

हिला म्हटलं, ताई येणार. ही म्हणाली, "येऊ देत. मी त्यांना कधी जवळून पाहिलंच नाही. आमच्या लग्नाआधीच पूल बंद झाला ना."

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या गच्चीवर चादर नाही. खुर्ची आहे, ती नाही. आवराआवर चालली असेल. पास मिळाला तर लगेच निघावं लागतं म्हणतात.

२ मार्च

रविवार, आणि अशी गर्दी उद्घाटनालाही नव्हती. दोन बस आल्या. मला पाणी प्यायला फुरसत झाली नाही.

भाषण संपायच्या आत पहिल्या रांगेतला एक जण ओरडला की समोर काहीतरी आहे. निळ्या दाराचं घर. अंगणात बाकडी मांडलीत, माणसं जमलीत, गल्लीतून अजून येतायत. मग काय, सगळ्यांना तेच बघायचं. मी विचारलं, काय दिसतंय? गर्दी आहे, म्हणाले, बायका आत जातायत, पुरुष बाहेर उभे आहेत. मी म्हटलं, लग्नाची बोलणी असतील, माझ्या भाच्याचा मुलगा लग्नाचा झालाय. लोकांना फार मजा वाटली की हे माझ्याच बहिणीचं घर. मी म्हटलं, नशीबवान आहात, रोज असं बघायला मिळत नाही. एकेकाला मोजून वेळ दिला, तरी मागचे कुरकुरत होते. मी सारखा "चला, पुढचे" म्हणत होतो. घसा बसला.

एक म्हातारी बाई होत्या. त्यांनी डोळा लावला आणि लगेच काढला. माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे बघायचं नसतं, बाबा." मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. उंचीवर काहींना गरगरतं.

मला स्वतःला डोळा लावायला मिळाला तो शेवटची बस गेल्यावर. बाकडी एकावर एक रचून ठेवली होती. ताईची सून अंगण झाडत होती. लग्नघरात एवढ्या लवकर झाडतात का, असं मनात येऊन गेलं. पण नुसती बोलणीच असतील तर काय, चहा झाला की संपलं.

४ मार्च

मुका ट्रक रस्त्यातच उभा करून आला. एरवी दारातून बोलत येणारा माणूस, आज आधी बसला. पाणी मागितलं. मग म्हणाला, निरोप आहे, जसा दिला तसाच सांगतो. ताईंच्या सुनेने हमालाला सांगितलंय, "मामांना सांगा, सासूबाई पलीकडे गेल्या."

पलीकडे! त्यांच्या तोंडून पलीकडे म्हणजे इकडे. पास मिळाला. ती निघाली. मी मुक्याला मिठीच मारली. तो उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मला जेवढं सांगितलं तेवढं मी सांगितलं, दादा." आणि गेला. साडूचं नाव नाही, कांद्याचं नाव नाही. ट्रक रस्त्यात होता म्हणून घाई असेल.

ही शेगडीशी होती. मी आत जाऊन सांगितलं. हिने विचारलं, "नक्की काय शब्द होते?" मी शब्द सांगितले. हिने पुन्हा विचारलं, "सूनबाईंनी सांगितलं? त्यांनी स्वतः?" मी हो म्हटलं. हिने गॅस बंद केला. मी म्हटलं, अगं, भाजी अर्धी कच्ची आहे. तर ही म्हणाली, भूक नाही.

बायकांचं मला कळत नाही. इतकी वर्षं नणंदेशी भांडायची संधी मिळाली नाही म्हणून हसायची, आता नणंद येते म्हटलं तर तोंड उतरलं. घरात एक माणूस वाढणार याचा ताण येत असेल. लहान घर आहे आमचं.

५ मार्च

मागच्या खोलीतलं सामान काढलं. जुने व्हॉल्व्ह, पान्हे, पाइपाचे तुकडे. भिंतीला चुना लावला. पलंगाचा एक पाय आखूड होता, त्याखाली लाकडाचा ठोकळा ठोकला. ताई डावखुरी म्हणून दाराची कडी काढून दुसऱ्या बाजूला बसवावी का, असा विचार केला. हिला विचारलं तर ही दाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आधी जरा खात्री करून घ्या ना."

मी म्हटलं, कसली खात्री? निरोप आलाय.

दुपारी पाहिलं तर ही त्या खोलीत बसून फरशी पुसत होती, जी मी सकाळीच पुसली होती.

८ मार्च

तीन दिवस रोज सकाळी पुलाच्या नाक्यावर जातोय. नाक्यावरचा कारकून चांगला आहे, यादी बघतो, मान हलवतो. पास निघालेत का, असं विचारलं तर म्हणाला, अजून छापलेच नाहीत. मी म्हटलं, आमच्या ताई पलीकडून निघाल्यात. तो म्हणाला, "मग कुठे अडकल्या?" पलीकडच्या नाक्यावर अडकली असेल. तिथे म्हाताऱ्या माणसाला बसायला तरी देतात की नाही. रोज झोपताना तेवढंच मागतो देवाकडे, तिला बसायला जागा मिळू दे.

१० मार्च, सोमवार

पलीकडच्या गच्चीवर आज पांढरी चादर होती.

सुनेने घातली. जिन्यातून आली आणि जिन्याकडूनच सुरुवात केली. घालून झाल्यावर कपाळावर हात न धरता नुसतीच इकडे पाहून गेली. वेताची खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवली आहे, पाय वर करून.

साहजिक आहे. ताई घरी नाही, तर खुर्चीत कोण बसणार? पाऊस आला तर वेत कुजतो, म्हणून उलटी ठेवली असेल. चादर घालायचं ताईने तिला बजावून ठेवलं असणार, आपल्या माघारी चुकवू नकोस म्हणून.

पण ताई इकडे येणार असेल, तर ती चादर कुणासाठी?

हे दुपारी मनात आलं. तेव्हापासून भाषण नीट येत नाही. गोदामाच्या जागी घड्याळ म्हणालो.

११ मार्च

संध्याकाळी मी पुन्हा नाक्यावर जायला निघालो. ही दारात उभी राहिली. वाट सोडेना. मी म्हटलं, उशीर होतोय, नाका बंद होईल.

ही म्हणाली, "सूनबाईंचं माहेर कुठलं?"

मी म्हटलं, आतल्या भागातलं. तुझ्यासारखंच.

"नदी आहे तिकडे?"

नाही, म्हटलं.

मग ही म्हणाली, "अहो, माझ्या माहेरी पलीकडे म्हणजे एकच. हा काठ नाही, तो काठ नाही. मी नवी आले तेव्हा रडले होते, आठवतं ना? मी चुकले नव्हते. आमच्याकडे तोच अर्थ होतो."

मी चपला घातलेल्या होत्या. तसाच उंबऱ्यावर बसलो. ही शेजारी बसली. समोरून पंपवाला गेला, त्याने विचारलं, काय मग, आल्या का ताई? ही म्हणाली, "हो, पोचल्या."

नंतर मी हिला विचारलं, तुला त्या दिवशीच कळलं होतं? ही म्हणाली, हो. मग सांगितलं का नाही? ही म्हणाली, "तुम्ही भिंतीला चुना लावत होतात. गुणगुणत होतात. लग्नानंतर तुम्हाला गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं."

१२ मार्च

ती बाकडी.

काल मला फक्त शब्दाचा अर्थ कळला होता. आज सकाळी देवासमोर हात जोडले आणि त्या रविवारची बाकडी डोळ्यांसमोर आली. बायका आत जातायत, पुरुष बाहेर उभे आहेत. दोन बस भरून लोकांनी माझ्या ताईला उचलून नेताना पाहिलं. मी त्यांना रांगेत लावलं. नशीबवान म्हणालो. "चला, पुढचे" म्हणालो. सगळ्यांनी पाहिलं, एका मलाच दिसलं नाही. आणि ज्या एका बाईने डोळा काढून घेतला तिला मी चक्कर आली समजलो.

प्रार्थना पुढे सरली नाही. तशीच अर्धी सोडून उठलो. असं आजवर झालं नव्हतं.

माझा तो निरोप तिला पोचला होता का, की मी बरा आहे, चादर नुसती घालू देत नाहीत? मुक्याला विचारलं तर तो सांगेल. मी विचारणार नाही. नाही म्हणाला तर मी काय करू? आणि हो म्हणाला तर मला बरं वाटावं म्हणून म्हणेल, ते खरं वाटणार नाही.

१४ मार्च

मास्तर भेटायला आले. सांत्वनाचं काही बोलले नाहीत, हे बरं केलं. मी त्यांना विचारलं, बघण्यात पाप असतं का? ते म्हणाले, पाप-पुण्याचं मला विचारू नकोस, मी गणिताचा मास्तर. मग काठी टेकून उठले आणि दारातून म्हणाले, "पण समोरच्याला आपण दिसत नसू, तर त्याला बघणं म्हणत नाहीत. त्याला दुसरा काहीतरी शब्द असेल."

१५ मार्च

टाकीवर जाऊन दुर्बिणीचा खांब नीट पाहिला. दुर्बीण एका जाड पाइपावर फिरते, पाइपाला खाली कडं आहे. व्हॉल्व्हची दांडी एका मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून जशी आडवी पट्टी असते, तशी पट्टी या कड्याला मारली तर दुर्बीण डोंगरापासून पुलाच्या कमानीपर्यंत येईल आणि तिथे अडेल. घरांकडे वळणार नाही. आयुष्यभर हेच केलं, किती सोडायचं आणि कुठे अडवायचं. इतके दिवस सुचलं नाही.

गुपचूप करायचं नाही, असं ठरवलं. आधी सांगायचं.

१६ मार्च

नगराध्यक्षांच्या घरी गेलो. ते बाहेर पेपर वाचत बसले होते. मी जे करणार आहे ते सांगितलं आणि किल्ली समोरच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, चालत नसेल तर दुसरा माणूस ठेवा, मी राग मानणार नाही.

ते म्हणाले, "लोक माणसं बघायला येतात हो. कमानी बघायला कोण चढणार एवढं?"

मी म्हटलं, न चढू देत.

ते पेपरची घडी घालत राहिले. घडी नीट बसेना. मी एवढंच म्हटलं की तुमच्या मावशींचं घर घड्याळाच्या मागे आहे, अंगण दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. परवा त्या न्हाऊन केस वाळवत बसल्या होत्या आणि चार जणांनी पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मी उठलो तेव्हा म्हणाले, "किल्ली विसरताय."

चादरीचं मी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी वेल्डरला घेऊन वर गेलो. पायरीला हात लावला. काम किरकोळ होतं, ठिणग्या उडाल्या आणि झालं. पट्टी गार झाल्यावर दुर्बीण फिरवून पाहिली. डोंगर, गोदाम, जकातीची चौकट, पुलाची शेवटची कमान, आणि तिथे ठक् करून अडली. मी जोर लावून पाहिला. हलली नाही. वेल्डर म्हणाला, तुमचं तुम्हालाच सोडवायचं झालं तर कठीण आहे. मी म्हटलं, म्हणूनच तुला बोलावलं.

तो उतरल्यावर पिशवीतून चादर काढली. हिने काल धुवून, नीळ घालून ठेवली होती, मी न सांगता. मी कठड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथून डाव्या हाताने चिमटे लावत मागे मागे आलो. माझा हात उजवा, म्हणून चादर तिरकी पडली. तशीच राहू दिली.

देवाचं नाव घेतलं. आज पुढे सरलं.

अकराच्या सुमाराला पहिले पाहुणे आले. मी भाषण म्हटलं, आणि मास्तरांचं खोडलेलं वाक्य परत घातलं, की गाव एकच होतं आणि नदी त्यातून रस्त्यासारखी जायची. एकाने दुर्बीण घरांकडे वळवून पाहिली, अडली म्हणून तक्रार केली. मी सांगितलं, घरं साध्या डोळ्यांनी बघा, जेवढी दिसतील तेवढीच बघायची आहेत. दुसऱ्याने विचारलं, ही चादर कशाची? मी म्हटलं, आमच्या घरची आहे, वाळतेय.

ते गेल्यावर कठड्याशी उभा राहिलो. पलीकडे, निळ्या दाराच्या घरावर, एक पांढरं काहीतरी हललं आणि स्थिर झालं. जिन्याकडून घातली की कठड्याकडून, ते इतक्या लांबून कळत नाही.